‘खोलीत शांतता होती’

प्रायोगिक मानसशास्त्राच्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगात एक मथळा असतो : ‘नियंत्रणे’. ३१ वर्षं मी ही जर्नल्स तपासली आणि त्या मथळ्याखाली तीच तीन वाक्यं हजारो वेळा वाचली. खोलीत शांतता होती. प्रकाश पुरेसा होता. प्रयोज्यास (म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला) आरामात बसवले होते. बाहेर मैदानावर कबड्डीचे सामने रंगलेले असोत, नाहीतर वीज गेली म्हणून प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी खिडक्या सताड उघडलेल्या असोत, वाक्यं तीच. मुलं खोटं लिहीत होती असं मी म्हणणार नाही. ती आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवत होती, आणि आदल्या वर्षीच्यांनी त्यांच्या आधीच्यांवरून उतरवलं होतं. सगळ्या जर्नलमध्ये ज्या एका जागी विद्यार्थ्याने स्वतःचं डोकं चालवायचं, तीच जागा पाठांतराची झाली होती. मला ते फार लागायचं.

म्हणून दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला मी स्टॉपवॉच आणि मेमरी ड्रम कपाटातच ठेवायची, मुलांना बाकांवर बसवायची आणि बर्लिनमधल्या एका अंगणाची गोष्ट सांगायची. साल १९०४. उत्तर बर्लिनमधल्या ग्रीबेनो रस्त्यावर उंच चाळवजा इमारतींच्या मधोमध एक फरसबंद अंगण होतं. तिथे विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणित शिक्षक रोज दुपारी आपल्या घोड्याची परीक्षा घेत. पांढरी दाढी, लांब कोट, डोक्यावर रुंद काठाची काळी हॅट. घोड्याचं नाव हान्स. लोक त्याला ‘शहाणा हान्स’ म्हणत.

ओस्टेन यांनी या घोड्याला चार वर्षं शिकवलं होतं, आणि तेही शाळेत मुलांना शिकवतात तसं. लाकडी खुंट्या मांडून मोजणी, मग मण्यांची चौकट, मग फळ्यावरचे आकडे. उत्तर बरोबर आलं की पावाचा तुकडा किंवा गाजर. जनावरात बुद्धी असते, फक्त कोणी तिला शाळेत घातलेलं नसतं, अशी त्यांची पक्की धारणा होती. हान्स पुढच्या उजव्या खुराने जमिनीवर ठोके देऊन उत्तर देई. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक (आधी अंशाचे ठोके, मग छेदाचे), आजची तारीख, घड्याळातली वेळ, जमलेल्या माणसांत हॅट घातलेले किती. अक्षरांचा तक्ता केलेला होता, त्यावरून तो शब्दही ‘लिही’. ओस्टेन यांनी हे पाहायला येणाऱ्यांकडून कधी पैसा घेतला नाही. ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगायची, कारण लुच्चेपणाचा संशय एकदा मनात शिरला की पुढचं काही ऐकूच येत नाही.

त्या सप्टेंबरात १३ जणांची एक समिती अंगणात आली. त्यात सर्कसचे मालक पाउल बुश होते, बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक लुडविग हेक होते, पशुवैद्य होते, शिक्षक होते, घोडदळातले अधिकारी होते, आणि बर्लिन विद्यापीठातल्या मानसशास्त्र संस्थेचे प्रमुख कार्ल श्टुम्फ होते. ओस्टेन खुणा करतात का, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. ओस्टेन यांना बाजूला केलं तरी आफ्रिकेतल्या वन्यप्राण्यांची छायाचित्रं काढणारे शिलिंग्स यांनी विचारलेल्या प्रश्नांना घोडा उत्तर देई. १२ सप्टेंबरला समितीने सही केली : इथे फसवणूक नाही, सर्कशीत शिकवतात तशा खुणाही नाहीत, प्रकरण शास्त्रीय तपासाला योग्य आहे. लोकांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं. घोडा विचार करतो, हे जणू सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालं.

इथे थांबून मी वर्गाला विचारायची, ‘समितीचं चुकलं कुठे?’ मुलं म्हणायची, ते फसले. माझं म्हणणं वेगळं आहे. ती माणसं आपापल्या धंद्यात तरबेज होती आणि त्यांनी प्रामाणिकपणे पाहिलं. पण ती नुसतं पाहत राहिली. ओस्टेन यांना बाजूला करण्यापलीकडे एकही गोष्ट बदलून पाहिली नाही.

ते काम श्टुम्फ यांच्या हाताखालच्या ऑस्कर प्फुंग्स्ट या तरुणाने केलं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत तो त्या अंगणात जात राहिला. सोबत श्टुम्फ असत, आणि नोंदी ठेवायला एरिख फॉन होर्नबोस्टेल. हे होर्नबोस्टेल मुळात संगीताचे अभ्यासक. ध्वनिमुद्रणावरून भारतीय चालींचा अभ्यास करणारा त्यांचा आणि त्यांचे सहकारी आब्राहाम यांचा लेख त्याच १९०४ सालात छापून आला. आपल्याकडच्या स्वरांची अंतरं मोजणारा कान त्या अंगणात घोड्याच्या खुरांचे ठोके मोजत होता, ही गोष्ट मला नेहमी भावते.

प्फुंग्स्टने पहिल्यांदा अंगणात कापडी तंबू ठोकला. बाहेरचे आवाज, बघ्यांची गर्दी, खिडक्यांतून डोकावणारी तोंडं, सगळं बाहेर. मुलं जर्नलमध्ये लिहितात ते ‘खोलीत शांतता होती’ हे वाक्य प्फुंग्स्टने असं कापड ताणून कमावलं होतं. मग तो एकेक गोष्ट हातात घेऊ लागला. घोड्याला आकड्यांची कार्डं दाखवायची. काही वेळा धरणाऱ्याला कार्डावरचा आकडा माहीत असे, तर काही वेळा कार्ड असं धरलं जाई की आकडा घोड्याला दिसावा आणि धरणाऱ्याला दिसू नये. घोडा तोच, अंगण तेच, कार्डं तीच. बदललं ते फक्त विचारणाऱ्याचं ज्ञान. त्याला उत्तर माहीत होतं तेव्हा हान्सची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, माहीत नव्हतं तेव्हा ८ टक्के.

हे दोन आकडे मी फळ्यावर लिहायची आणि काही वेळ काही बोलायची नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांत या गोष्टींना परिवर्त्य म्हणतात, काही लेखक चल म्हणतात. प्रयोगकर्ता जे हाताने बदलतो ते स्वतंत्र परिवर्त्य, त्याच्या परिणामाने जे बदलतं आणि आपण मोजतो ते परतंत्र. आणि तिसरं ते, जे कोणी बोलावलेलं नसतं पण येऊन बसतं : बाह्य परिवर्त्य. व्याख्या मुलांना पाठ असतात. पण ९८ आणि ८ यांच्यामधली पोकळी पाहिली की त्या व्याख्या माणसांनी कशासाठी केल्या हे कळतं. शिकवणी झाली होती घोड्याची, आणि उत्तर मात्र अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात होतं.

पुढची चाचणी मला सगळ्यात देखणी वाटते. ओस्टेन यांनी घोड्याच्या कानात एक आकडा कुजबुजायचा, प्फुंग्स्टने दुसरा. बेरीज फक्त घोड्याला ठाऊक. अशा ३१ वेळांपैकी ३ वेळा उत्तर बरोबर आलं. हेच गणित ऐकू येईल असं घातलं तेव्हा ३१ पैकी २९ वेळा.

म्हणजे माणसाकडून घोड्याकडे काहीतरी जात होतं. कुठून? प्फुंग्स्टने एकेक दार बंद करायला घेतलं. प्रश्न तोंडाने न विचारता नुसता मनात आणला, तरी हान्स उत्तर देई. म्हणजे कानाचं काम नाही. मग घोड्याच्या डोळ्यांना मोठ्या झापडा लावल्या. विचारणारा दिसत असेल तेव्हा ८९ टक्के उत्तरं बरोबर, दिसत नसेल तेव्हा ६ टक्के. झापडा लावल्या की हान्स मान वळवून, दोर ओढून विचारणाऱ्याला शोधायचा प्रयत्न करी. चिडे. प्फुंग्स्टला तो चावलाही. विचारणारा जसजसा लांब जाई, तसतशी उत्तरं बिघडत.

तेव्हा त्याने घोड्यावरची नजर काढली आणि माणसाकडे पाहिलं. प्रश्न विचारून झाला की माणूस खुरांकडे पाहायला नकळत किंचित पुढे झुकतो. हान्स ठोके द्यायला लागतो. ठोके अपेक्षित आकड्यापाशी आले की माणसाच्या अंगातला ताण सुटतो आणि डोकं केसभर वर जातं. हान्स थांबतो. ओस्टेन यांच्या डोक्यावरची ती रुंद काठाची हॅट ही केसभर हालचाल आणखी मोठी करून दाखवत होती. भुवई उंचावली, नाकपुडी फुलली, तेवढंही हान्सला पुरे.

मुलं इथे ‘आहा’ म्हणायची. मी म्हणायची, अजून काही सिद्ध झालेलं नाही, हा एक तर्क आहे. प्फुंग्स्टनेही ते तर्कावर सोडलं नाही. प्रश्न न विचारता तो मुद्दाम पुढे झुकला, हान्स ठोके देऊ लागला. मनात येईल तेव्हा डोकं वर केलं, हान्स तिथेच थांबला. हवा तो आकडा त्याने घोड्याकडून काढून दाखवला, गणित नसताना. आधी त्याने कारणं एकेक करून वजा केली होती. आता उरलेलं कारण स्वतःच्या हाताने चालू-बंद केलं. या दुसऱ्या पायरीशिवाय पहिली अर्धीच राहते.

मग तो प्रयोगशाळेत परतला आणि स्वतः घोडा झाला. समोर माणूस बसवायचा, त्याने मनात एक आकडा धरायचा, आणि प्फुंग्स्टने हाताने ठोके देत जायचे. सुमारे २५ जणांपैकी २३ जणांचं डोकं अपेक्षित ठोक्यापाशी हललं. ते त्याने काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर टिपून घेतलं. हालचाल बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास. त्यातल्या बहुतेकांना आपण हललो याचा पत्ता नव्हता. आणि ज्याला हे सगळं ठाऊक होतं तो प्फुंग्स्टसुद्धा, हान्ससमोर उभा राहिला की आपली मान थोपवू शकला नाही.

हे सांगताना मला दरवर्षी आजोळचं अंगण आठवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर नंदीबैलवाला यायचा. झूल, शिंगांना गोंडे, कपाळावर कवड्यांची पट्टी. ढोलकं गुबुगुबु वाजायचं, आजी सुपात जोंधळे घेऊन ओट्यावर यायची आणि विचारायची, यंदा पाऊस बरा हाय का रं? नंदी मान डोलवायचा. आजी समाधानाने धान्य घालायची. कॉलेजात शिकवायला लागल्यावर एकदा आमच्या कॉलनीत नंदीबैल आला तेव्हा मी पहिल्यांदा बैलाच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. त्याचं लक्ष ढोलक्यावरच्या हाताकडे होतं. नंदीबैलवाल्याला ते अर्थात माहीत असतं, तो त्याचा पिढीजात हुन्नर आहे. ओस्टेन यांना माहीत नव्हतं. आणि या एका फरकात त्यांचं सगळं दुःख आहे.

श्टुम्फ यांनी डिसेंबर १९०४ मधल्या अहवालात ओस्टेन प्रामाणिक आहेत असं स्पष्ट म्हटलं. पण म्हाताऱ्या मास्तरांना त्याचा उपयोग झाला नाही. चार वर्षांची शिकवणी मातीमोल झाली होती. ते १९०९ मध्ये वारले, मनातून खचलेले. हान्स एल्बरफेल्डच्या कार्ल क्राल या जवाहिऱ्याकडे गेला. प्फुंग्स्टचं पुस्तक १९०७ मध्ये निघालं. ते वाचताना जाणवतं की त्याने घोड्याला कुठेही हिणवलेलं नाही. एवढ्या सूक्ष्म हालचाली टिपणारं जनावर खरोखर विलक्षण होतं. फक्त ओस्टेन ज्या विषयात त्याला पास करत होते, तो त्याचा विषय नव्हता.

डोळे बांधून पाहण्याची युक्ती मात्र प्फुंग्स्टच्या कितीतरी आधीची. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करायला समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. मेस्मरचा शिष्य देलों याने पासीला फ्रँकलिनच्या बागेतलं जर्दाळूचं एक झाड ‘चुंबकित’ केलं आणि स्वतः निवडलेला १२ वर्षांचा एक मुलगा आणला. मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक चार झाडांपाशी नेलं. पहिल्यापाशी त्याला घाम फुटला, खोकला आला. पुढे गुंगी वाढत गेली. चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला, आणि ते खरं झाड तिथून सुमारे २४ फूट दूर होतं. मुलगा ढोंग करत नव्हता. घाम खरा, मूर्च्छा खरी. कारण तेवढं झाडात नव्हतं. मानसशास्त्राला ‘प्रयोगशाळा’ हा शब्द मिळायच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी एका फडक्याने हे काम केलं.

वुंट यांची लाइपझिगची मानसशास्त्राची प्रयोगशाळा १८७९ ची. तिच्याविषयी सगळ्याच पुस्तकांत भरपूर आहे, इथे नको. त्यापेक्षा त्यानंतर चार-पाच वर्षांनी अमेरिकेत बाल्टिमोरला पर्स आणि जॅस्ट्रो यांनी वजनांतला अगदी बारीक फरक हाताला कळतो का हे पाहताना जे केलं ते मोलाचं. वजन आधी वाढवायचं की कमी करायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं नाही. काळे आणि लाल पत्ते पिसले आणि पत्ता सांगेल तसं केलं. माणूस क्रम ठरवतो तेव्हा त्यात त्याच्या सवयी शिरतात. पत्त्याला सवयी नसतात.

आता जे सांगायचं ते माझं स्वतःचं आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षापर्यंत म्युलर-लायर भ्रमाचं प्रात्यक्षिक मीच वर्गासमोर करून दाखवायची. सरकती पट्टी असलेला बोर्ड असतो. एका रेषेच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीला बाहेर वळलेले. प्रयोज्याने पट्टी सरकवत दोन्ही रेषा सारख्या दिसतील तिथे थांबायचं. निम्म्या वेळा पट्टी आतून बाहेर, निम्म्या वेळा बाहेरून आत. निम्म्या वेळा बोर्ड डावीकडे, निम्म्या वेळा उजवीकडे. हालचालीचा आणि जागेचा परिणाम काढून टाकता येत नाही, म्हणून तो दोन्ही पारड्यांत सारखा घालायचा. ही सगळी नियंत्रणं मी काटेकोर पाळायची, आणि माझी निरीक्षणं पुस्तकात यावीत इतकी एकसारखी यायची. मला त्याचा अभिमान होता.

एके दिवशी प्रयोज्य म्हणून बसलेली मुलगी सहज म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही पेन टेकवलंत की मी थांबते.’

त्या बोर्डाची मोजपट्टी मागच्या बाजूला असते, प्रयोगकर्त्याकडे तोंड करून. किती मिलिमीटरवर ‘बरोबर’ भ्रम होतो हे मला पाठ होतं. पट्टी तिथे आली की माझं पेन नोंद करायला कागदावर जायचं. मुलांना वाटायचं, मॅडमचं पेन गेलं म्हणजे झालं. चार वर्षं मी आवाज, प्रकाश, डावं, उजवं सगळं नियंत्रित करत होते आणि स्वतः मात्र बोर्डासमोर तशीच बसत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी रंगपेटीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक पडदा करून दिला. आता प्रयोज्याला माझं तोंडही दिसेना आणि हातही. म्युलर-लायर भ्रम काही गेला नाही, तो भक्कमच आहे. पण आकडे पांगले. आधीचं ते गुळगुळीत एकसारखेपण गेलं, आणि माझ्या वर्गातली खरी माणसं पहिल्यांदा त्या तक्त्यात आली.

पुढे अमेरिकेतले रॉबर्ट रोझेन्थाल वाचले. त्यांनी नॉर्थ डकोटात १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५ उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं, हे भूलभुलैया शिकण्यात हुशार वंशाचे, आणि निम्म्यांना सांगितलं, हे मंद. उंदीर सगळे साधे, सोडत काढावी तसे वाटलेले. तरी ‘हुशार’ उंदीर जास्त चांगले शिकले. विद्यार्थ्यांनीच नंतर सांगितलं की त्यांना ते उंदीर जास्त आवडायचे, त्यांना ते हळुवार हाताळायचे. हा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दोनच वर्षांनी प्फुंग्स्टचं हान्सवरचं पुस्तक इंग्रजीत पुन्हा निघालं, रोझेन्थाल यांच्या संपादनाखाली. त्यांनी अख्खा घोडा नव्या पिढीच्या हातात ठेवला. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने मोजायचं नाही, आणि जो मोजतो त्याला कोण कुठल्या गटात आहे ते सांगायचं नाही, हा नियम आज औषधांच्या चाचण्यांतही पाळला जातो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी जर्नल्स सर्टिफाय करत बसले होते. एक्सटर्नल दुसऱ्या दिवशी यायचे होते, टेबलावर चाळीसेक जर्नल्सचा गठ्ठा. खोलीत शांतता होती, प्रकाश पुरेसा होता. ही वाक्यं ओलांडत मी पानं उलटत होते. एका जर्नलमध्ये, म्युलर-लायरच्या पानावर, ‘नियंत्रणे’ या मथळ्याखाली निळ्या शाईत लिहिलं होतं : ‘बाहेर गणपतीची मिरवणूक चालू होती, म्हणून पहिली दहा निरीक्षणे रद्द करून दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. मोजपट्टी मला दिसत होती. म्हणून मी पुठ्ठ्यामागे बसले, पेन मांडीवर ठेवले आणि प्रयोज्य “झाले” म्हणेपर्यंत पेनला हात लावला नाही.’

मी त्या पानावर सही केली, तारीख घातली आणि पुढचं जर्नल उघडलं.